नाग नदीतल्या तेलाचा मालक कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या तेलगळतीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. माहिती नेटकी आहे. केरळच्या किनाऱ्याजवळ मे 2025 मध्ये बुडालेले एमएससी एल्सा-3 हे मालवाहू जहाज, त्यावरचे 640 कंटेनर, त्यातले कॅल्शियम कार्बाइड, टाक्यांमधले फर्नेस ऑईल, सगळे त्यात आले. मात्र नागपूरला समुद्र नाही म्हणून आपल्याला याची झळ कळत नाही, असे लेखकाने शेवटी म्हटले आहे. ते वाचून रात्रभर चीड आली, म्हणून हे पत्र. समुद्र नाही हे मान्य. पण तेल आपल्याकडेही सांडते, आणि रोज सांडते.

मी सगळी नोकरी बसगाड्यांच्या कार्यशाळेत केली. इंजिनातून निघणारे जळके ऑईल काय असते हे मला ठाऊक आहे. नवे ऑईल आत जाते तेव्हा मधासारखे असते. बाहेर येते ते झिजलेल्या धातूचा कीस, इंधनाची काजळी आणि जस्तासारखी रसायने घेऊन. आम्ही ते ड्रममध्ये साठवायचो, वहीत नोंद व्हायची, मग लिलाव. फरशीवर सांडले तर लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो भुसाही वेगळा ठेवायचा. फोरमन त्याबाबतीत कोणाचेच ऐकून घेत नसत.

आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. दिवसभरात बऱ्याच गाड्यांचे ऑईल बदलले जाते. साध्या कारमधून तीन-चार लिटर निघते, मालवाहू गाडीतून त्याच्या कितीतरी पट. थोडे कॅनमध्ये भरून कोणीतरी घेऊन जातो. स्लॅबचे सेंट्रिंगवाले नेतात, लोखंडी प्लेटांना फासतात, पुढच्या पावसात तेही धुऊन जाते. उरलेले संध्याकाळी पावसाळी नालीत ओतले जाते. नालीचा तळ ठिकठिकाणी फुटलेला आहे आणि तिच्यापासून काही पावलांवर आमची विहीर आहे.

ही विहीर माझ्या वडिलांनी खणून घेतली. पाणी पिण्याला नव्हते, पण नळ गेला की अर्धी गल्ली बादल्या घेऊन यायची. उन्हाळ्यात कूलरमध्ये तेच पाणी, कढीपत्त्याला आणि जास्वंदीला तेच. गेल्या काही पावसाळ्यांपासून पाण्यावर रंगीत तवंग येतो. बादली काढली की डिझेलचा वास. सुनेने एकदा त्या पाण्यात भांडी घासली, तर हाताला आणि ताटांना चिकट थर राहिला. त्यानंतर आम्ही दोर काढून ठेवला. शेजारच्या काकू आजही विचारतात, पाणी सुधारले का?

तक्रार केली. एका कार्यालयात सांगितले, हे प्रदूषणाचे प्रकरण, आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितले, नाली तुमच्या वस्तीतली, तिथेच जा. मोबाइलवर तक्रार टाकली. एक मुलगा आला, नालीचा फोटो काढला आणि संध्याकाळी संदेश आला की तक्रार निकाली निघाली आहे. पुन्हा प्रत्यक्ष गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "काका, विहिरीचं पाणी आता वापरतं कोण?" त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. विहीर वापरात नसेल तर तिच्यात विष गेले तरी चालेल, हा नियम कोणत्या पुस्तकात आहे?

कायदा तर स्पष्ट आहे. घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या नियमांत वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. 1 एप्रिल 2024 पासून तर ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही जुने ऑईल गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला जाईल हे पाहण्याची जबाबदारी टाकली आहे. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आपल्या बुटीबोरीत आहे. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, नीरी, 1958 पासून याच शहरात आहे. एवढे सगळे हाताशी असताना गॅरेजपासून ड्रमपर्यंतचे चार हात अंतर कोणी बघायचे?

लेखकाला समुद्राचीच उदाहरणे आवडतात, म्हणून मुंबईचे एक घेतो. ऑगस्ट 2011 मध्ये मुंबईजवळ एमव्ही राक हे जहाज बुडाले, तेल किनाऱ्याला लागले. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाच्या मालकांना 100 कोटी रुपये भरायला सांगितले. वसुलीचे पुढे काय होते हा निराळा विषय, पण जहाजाला नाव असते, मालक असतो, विमा असतो आणि तेल आवरायला तटरक्षक दल धावते. नालीतल्या तेलाला यातले काहीच नाही. ते नाग नदीत उतरते. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि पुढे गोसीखुर्दचे धरण. नदीत जाळे टाकून पोट भरणाऱ्या ढिवर बांधवांना हे पाणी चुकवता येत नाही. तिथून प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे समुद्र आपल्यालाही आहे, फक्त दूर आहे.

याच नाग नदीवर 1,900 कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर आहे. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहतील, ती हवीतच. पण ती मैल्यासाठी असतात. इंजिन ऑईल उगमाशीच अडवले नाही तर त्या केंद्रांनाही ते त्रास देणार.

याच संदर्भात आणखी एक सांगतो. दर उन्हाळ्यात नदी स्वच्छता मोहीम निघते, पोकलेन उतरते, तुम्ही फोटो छापता. काढलेला काळा गाळ कित्येक ठिकाणी काठावरच पडून राहतो आणि पहिल्या जोरदार पावसात परत नदीत जातो. तो गाळ हाताने चोळून पाहा, तेलकट लागतो. त्याची बातमी कधी वाचली नाही. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला, राख कोलार आणि कन्हान नदीत गेली, तेव्हा आठवडाभर मथळे होते. नंतर तुम्हीही विषय सोडलात.

प्रशासनाकडे मागणी मोठी नाही. गॅरेजचा परवाना नव्याने देताना जुने ऑईल कोणाला, किती लिटर दिले याच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर परवाना थांबवा. प्रत्येक झोनमध्ये ऑईल जमा करायचा एक ड्रम ठेवा, म्हणजे लहान मेकॅनिकला सबब उरणार नाही. तो बिचारा मुद्दाम नदी मारत नाही, त्याला नेऊन द्यायची जागाच नाही. आणि आपल्या वार्ताहराला एखाद्या संध्याकाळी, गॅरेज बंद व्हायच्या सुमारास, आमच्या वस्तीत पाठवा. नाली मी दाखवतो.

आपला,
एक जुना वाचक
नंदनवन, नागपूर