त्या अनोळखी नंबरावरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणता आणि लेकीचा खांदा कसा आहे ते विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या लेकीचं शिकाऊ विमान तुमच्या रानात पालथं झालं, त्या दिवशी बांधावर उभं राहून नुसतं शूटिंग करणाऱ्यांनीही ते वाचावं.

मुलीने विमान शिकायचं ठरवलं तेव्हा घरात पहिलं नाव निघालं ते इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं. २५ जुलै २०२२ रोजी तिथल्या शेतात सेसना १५२ जातीचं शिकाऊ विमान कोसळलं होतं. चालवणारी मुलगी २२ वर्षांची, एकटीच होती. ती वाचली, एवढ्या एका आधारावर मी फॉर्मवर सही केली होती.

आमचीही त्या दुपारी एकटीच होती. इंजिनाची ताकद गेली, ताकद वाढवायचा दांडा, म्हणजे थ्रॉटल, पूर्ण पुढे सारूनही इंजिनाचे फेरे चढेनात. या जातीच्या विमानाला इंजिन एकच. तरी ते दगडासारखं खाली येत नाही, नाक किंचित खाली धरून ६० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटरचा वेग राखला तर तरंगत उतरतं, हे तिने मला कितीदा सांगितलं असेल. खाली ऊस, पलीकडे विजेच्या तारा, मधे तुमचं नांगरलेलं रान. तेच तिने धरलं. टेकायच्या आधी इंधनाचा कॉक आणि मास्टर स्विच बंद केला, दार अडकू नये म्हणून उघडून ठेवलं. हे तिच्याकडून घोटून घेणाऱ्या सरांचे उपकार वेगळे. पण पुढचं चाक भुसभुशीत मातीत रुतलं आणि विमान पालथं झालं. माझी लेक पट्ट्यांत उलटी लटकलेली, पंखातलं पेट्रोल टपकतंय, आणि भोवती मोबाइल धरलेले हात.

तुम्ही बिडी ओढणाऱ्याला आधी हाकललंत. पट्टा सोडताना ती मानेवर आपटू नये म्हणून खालून खांदा दिलात. जीव वाचवलात, ताई. तरीही मला रात्री आठवतो तो तुमचा फोन.

कारण तेवढ्या वेळात तो व्हिडिओ आमच्या नात्यातल्या ग्रुपवर पोचला होता. खाली लिहिलेलं, 'पायलट गेला'. एका वाहिनीने नुसतं प्रश्नचिन्ह जोडून तेच दाखवलं. ज्यांनी सर्वांत आधी कळवायला हवं होतं, त्यांच्याकडून विचारणाऱ्यांना 'माहिती घेतोय' एवढंच उत्तर मिळत होतं. यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. माझ्यापर्यंत तुमचा फोन त्या सगळ्यांच्या आधी आला.

"ताई, घाबरू नका. तुमची लेक माझ्या मांडीवर डोकं ठिवून हाय. घ्या, तिच्याशीच बोला."

आणि तुम्ही फोन तिच्या कानाला लावलात. काय झालं, कुठे झालं, किती लागलं, काही सांगत बसला नाहीत. "आई, मी बोलतेय," हे आधी माझ्या कानात पडलं, विमान पडल्याचं नंतर कळलं. तुम्हाला कोणी शिकवलं हे? तिला नंबर विचारायचा, मातीने भरलेल्या हातांनी तो दाबायचा, आणि मग स्वतः गप्प राहायचं. नंतर व्हिडिओ आला तेव्हा पडद्यावरचं ते पालथं विमान मी पाहू शकले, कारण तिचा आवाज माझ्यापाशी आधीच पोचला होता.

माणसं वाईट झालीत असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर गाडी थांबवून पाणी देणारे, दवाखान्यात परक्यासाठी रात्र काढणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही, कारण त्यांचे हात रिकामे नसतात.

चौकशी चालू आहे, इंजिनाचं काय झालं ते ठरवणारे ठरवतील. तिचा खांदा भरून आलाय. डॉक्टरांनी सोडलं की पुन्हा उडायचं म्हणते. मी नाही म्हटलेलं नाही.

एक राहिलं. विमानाचं धूड उचलायला आलेल्या गाडीने तुमच्या बांधालगतचं ठिबक तुडवलं, हे मला तुमच्याकडून नाही, तुमच्या मुलाकडून कळलं. त्या नळ्यांचं बिल मला पाठवा. यात मात्र 'त्यात काय एवढं' चालणार नाही.

तुमची,
तिची आई