गॅस गीझर काढायचा ठरवलाय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी गॅस गीझर काढायला माणूस येईल आणि सोमवारी वायरमन. तुम्हाला न विचारता ठरवलं, बाबांना ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे. पण विचारलं असतं तर 'अजून चालतोय की' म्हणत हाही हिवाळा गेला असता. थंडीत तुम्ही न्हाणीघराची खिडकी लावून घेता. कोंडलेल्या जागेत गॅस पुरता जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. चक्कर येते तेव्हा दाराला आतून कडी असते. बाबा, नाशिकच्या थंडीत रोज सकाळी माझ्या मनात तेवढंच येतं.

त्याच्या जागी विजेचा हीटर बसेल. श्टुटगार्टला तुम्ही पाहिलात तसा बिनटाकीचा, म्हणजे पाणी न साठवता वाहतं पाणीच तापवणारा हवा, असं तुम्हीच म्हणाला होतात. पण तो २१ किलोवॅटचा, थ्री फेजवर चालणारा; १० अंशांचं पाणी मिनिटाला १० लिटर ह्या वेगाने ४० अंशांवर आणतो. आपल्याकडे सिंगल फेज आहे, तेवढा भार झेपणार नाही. हिशोब सोपा आहे: १ किलोवॅट मिनिटाला १ लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापवतो. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंश धरलं आणि आंघोळीला ४० हवं, तर ३ किलोवॅटमधून मिनिटाला पावणेदोन लिटरच मिळतं. बादली भरेस्तोवर आईचा देवपूजेचा वेळ जायचा. म्हणून खालच्या न्हाणीघरात ५.५ किलोवॅटचा घेतला. मिनिटाला ३ लिटर, १५ लिटरची बादली पाच मिनिटांत. बिलाची काळजी नको, एका बादलीला अर्धा युनिटही लागत नाही.

नळालाच जोडायचे स्वस्त हीटर मिळतात, ते मी बघितलेही नाहीत. पाणी आणि वीज इतकी जवळ, आणि अर्थिंगचा भरवसा नाही. दुकानात 'इन्स्टंट' म्हणून मिळतो त्यात ३ लिटरची छोटी टाकी असते. सुरुवातीचं पाणी कढत येतं, मग कोमट होत जातं. बाबा, साखरेमुळे तुमच्या पायांना चटका उशिरा कळतो, म्हणून खाली तो नको. वरच्या न्हाणीघरात मात्र तोच बसवू. गच्चीवरची टाकी तिथून जेमतेम पुरुषभर उंच आहे, आणि बिनटाकीच्या हीटरचा स्विच पाण्याच्या जोरावर चालू होतो. एवढ्या कमी दाबाला तो दाद देत नाही. खालच्या मजल्याला पुरेसा दाब आहे.

बिनटाकीच्यातही दोन जाती आहेत. एकात उघडी तार थेट पाण्यात असते. लवकर तापतं, क्षारही कमी धरतो, पण बोअरच्या खारट पाण्यातून वीज झिरपू शकते, आणि पाइपात हवा शिरली की तार जळते. दुसऱ्यात तार नळीत बंद असते. आपण तीच घेतली, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची. पाणी ४० अंशांवर बांधून ठेवायला सांगितलंय. आई, बंबातलं पाणी काढून तू विसण घालायचीस आणि आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचीस, मगच मला पाटावर बसवायचीस. आता विसणाची गरज नाही, पण मनगटावर घेऊन बघणं सोडू नकोस.

आता माझं ऐका. वायरमनला हीटर भिंतीतल्या जुन्या प्लगवर जोडू देऊ नका. हा २४ अँपिअर ओढतो, १६ अँपिअरचा सॉकेट वितळेल. मीटरपासून स्वतंत्र ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की लगेच तोडणारा), आणि डबल पोल स्विच (दोन्ही तारा एकदम तोडणारा) न्हाणीघराच्या बाहेर. इन्व्हर्टरच्या लाइनवर मुळीच नाही. अर्थिंग मीटरने मोजून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बिलावरचा मंजूर भार कमी पडतो, तो वाढवायचा अर्ज मी महावितरणकडे केलाय.

टाकी रिकामी होऊन परत भरली, की आधी एमसीबी बंद ठेवून नळ सोडा. फुरफुर थांबून सलग धार आली की मगच चालू करा. बोअरचं पाणी त्या नळाला जोडू नका, क्षार बसून नळी जळते. आत जाणाऱ्या पाइपावरची जाळी महिन्यातून एकदा कमलताईंकडून धुऊन घ्या, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. जाळी तुंबली की धार बारीक होते आणि हीटर चालूच होत नाही. बिघडला समजून कुणाला खोलू देऊ नका. व्होल्टेज २०० वर आलं तर ताकद पाऊणपट होते, मग पाणी कोमट लागेल. नळ थोडा बारीक करा, ऊब परत येईल.

वीज गेली तर मात्र हा गप्प बसेल. आई, तेव्हा शेगडीवर अर्धंच पातेलं ठेव, आणि तेही तू उचलायचं नाहीस. पाणी तापवायचा जुना रॉड कपाटात आहे, तो कमलताईंना भंगारात द्यायला सांग. बाबांनी तो 'असू दे' म्हणून परत ठेवला तर मला फोन कर.

तुमची,
मनू