अलिबागला ‘मिनी गोवा’ म्हणणं थांबवा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अलिबागची माहिती अलिबागला येणाऱ्यांना मिळावी, याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली की तासाभरात मांडवा. शनिवारी आलेला मुंबईकर नागावला बनाना राइड घेतो, वरसोलीला घोडागाडीत बसतो, सुरमईच्या थाळीवर ताव मारतो आणि रविवारी संध्याकाळी वडखळच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी जातो. त्याचं काही चुकत नाही. जाहिरातींत ‘मिनी गोवा’ असं वाचून तो आलेला असतो आणि गोव्यासारखं जेवढं मिळेल तेवढं घेऊन जातो. तक्रार आहे ती जाहिरातीबद्दल.

आमच्या किनाऱ्याजवळ एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून घेतल्या जात होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहानं यंत्रांचे काटे बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं आणि जागा शोधत ते अलिबागला आले. चुंबकाचा गुण नसलेला पोरबंदरी दगड आणून, लोखंड टाळून इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं गेलं, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली. तोवर इथलं काम सुरळीत चालू होतं. सरकारी काम वेळेआधी झाल्याचं हे उदाहरण आपल्या अधिकाऱ्यांनाही वाचायला द्यावं.

या नोंदींचं मोल किती? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटानं पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारखात्याची यंत्रं बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. ते वादळ किती मोठं होतं हे ठरवताना शास्त्रज्ञ आजही कुलाब्याची नोंद पुढे घेतात, कारण क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेल्याचं तिथल्या माणसांनी टिपून ठेवलं होतं. असं वादळ पुन्हा आलं तर उपग्रह आणि वीजजाळ्यांचं काय होईल, याचा अंदाज बांधायला हीच आकडेवारी लागते. ती मालिका आज अलिबागेत पुढे चालू आहे, आणि तिच्याजवळून जाणाऱ्या पर्यटकाला त्याचा पत्ता नसतो.

मात्र एक विनंती. उत्साहाच्या भरात वेधशाळेचा ‘पॉइंट’ करू नका. गाड्या, जनरेटर, लोखंडी कमानी हे सगळं तिला वर्ज्य आहे. यंत्रांपासून पुरेशी लांब, गावात कुठेतरी एक खोली द्या, १८५९ च्या नोंदीची मोठी प्रत भिंतीवर लावा, बस्स. आणखी एक : पेण-अलिबाग रेल्वेची आमची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे, पण विजेच्या तारा कुठवर आणायच्या हे वेधशाळेला विचारून ठरवा. खातं आपलं नाही, मला कल्पना आहे. पण बैठकीला आपण असता.

आता कुलाबा किल्ला. हा मुंबईच्या कुलाब्यातला नव्हे, अलिबागच्या समुद्रातला. ओहोटीला लोक चालत जातात, भरतीची वेळ चुकली की अडकतात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटात मोठे चिरे चुन्याशिवाय रचले आहेत. सांध्यांत पाणी शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तटावरच्या चाकाच्या तोफांवर लोक सेल्फी काढतात. त्या १८४९ सालच्या, इंग्लंडातून आलेल्या, म्हणजे आंग्र्यांचं राज्य बुडाल्यानंतरच्या आहेत.

खांदेरीचा जलदुर्ग तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. निधी येईल, जेट्टी सुधारेल. तिथल्या कोळ्यांच्या वेताळाला आणि ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणाऱ्या दगडाला कंत्राटदारानं धक्का लावू नये, एवढं पाहा.

नवगावचं नाव मात्र कोणत्याच पत्रकात नसतं. जहाज फुटून सात जोडपी इथल्या किनाऱ्याला लागली, अशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाची परंपरा सांगते. ती माणसं तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर ही आडनावं घेऊन त्यांची नातवंडं-पतवंडं इस्रायलमध्ये राहतात, काही घरांतून अजून मराठी बोलली जाते. अलिबागेत त्यांचं सिनेगॉग आहे, नवगावला पूर्वजांचं स्मारक. तिकडून माणसं येतात आणि वाट विचारत फिरतात. महाराष्ट्राशी असं नातं सांगणाऱ्या पाहुण्याला रस्त्यावर साधा बाणही आपल्याला दाखवता येऊ नये?

चरी गावही तसंच. १९३३ ते १९३९, सहा वर्षं संपावर गेलेल्या कुळांनी जमीन कसली नाही. शेतकरी नेते नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये तिथे आले होते. उपासमार झाली, लोक लाकडं तोडून आणि मासे धरून जगले, पण नांगर धरला नाही. शेतकऱ्यांच्या संपाचा असा इतिहास असलेलं गाव वडखळच्या वाटेवर आहे, हे गाडीतल्या कोणाला माहीत असतं?

मोठा प्रकल्प मागत नाही. मांडवा जेट्टी, एसटी स्टँड आणि किनाऱ्यावर मराठीत, मग इतर भाषांत, फलक हवेत. किल्ल्यासमोरच्या फलकावर त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ रोज लिहिली जावी. खडू आणि माणूस एवढाच खर्च. वाटाडे म्हणून इथल्याच कोळी-आगरी मुलामुलींना शिकवून परवाने द्यावेत. फलकांचा मजकूर लिहून देणारे अभ्यासक गावात आहेत, मानधनाशिवायही देतील. छापण्याआधी शुद्धलेखन तेवढं आम्हाला तपासू द्या.

आपला नम्र,
एक अलिबागकर