‘गोरे’ आणि ‘गारे’

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

सोमवारी नुसता चहा घेऊन तू सव्वासातची डेक्कन क्वीन गाठलीस. तू केलेल्या नाटकाच्या पोस्टरची गुंडाळी कपाटावरच राहिली. नोकरी सोडलीस त्याबद्दल या पत्रात अवाक्षर काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

“शिरोरेषाच उडवलीस तर वाचणार कोण?” हे पोस्टरवरचं नाव बघून मी तिरकसच बोललो. पण ते बापाचं नव्हे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचं बोलणं होतं. खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं; त्यातल्या डिग्री टाइपात मात्रेचा खिळा वेगळा, नखाएवढा. छापता छापता मोडला की ‘मोर’चा ‘मार’. नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये एका लग्नपत्रिकेत ‘गोरे’चे ‘गारे’ झाले. दोनशे पत्रिका रद्दीत, कागदाचे पैसे माझ्या पगारातून. तू तेव्हा पोटात होतीस. त्या महिन्याचं भाडं नानाने भरलं. तेव्हापासून कुणी काही वेगळं करू म्हटलं की मला आधी भाडं आठवतं. तुझ्या खोलीचं किती आहे गं? राहू दे.

तुझ्या पणजोबांच्या मोडी दप्तरात आधी कागदभर आडव्या रेघा, मग त्यांना टांगलेली अक्षरं. आपल्या घराण्याला रेघ काही सोडवत नाही.

महाराष्ट्र टाइम्सचं शीर्षक ज्यांच्या हातचं, त्या कमल शेडगे यांनी कितीतरी नाटकांच्या नावांना चेहरे दिले, पण टाइम्समधली नोकरी करत करत. बघ, लागलो पुन्हा शिकवायला. चुकलं.

काल रात्री आई झोपल्यावर पोस्टर कोठीच्या दाराला लावलं. रेघ गेली की ‘भ’ आणि ‘म’ची, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत व्हायची, तीच चूक शोधत होतो. तू ‘भ’च्या डोक्याला मुद्दाम ठसठशीत गाठ मारलीयेस. ‘ध’लाही. मोरीपाशी उभं राहून, चष्म्याशिवाय, अख्खं नाव वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या प्रेसमध्ये हे कुणाला सुचलं नसतं, मला तर नाहीच.

गुंडाळी उद्या कुरिअर करतो. आत ‘गारे’ची एक पत्रिका घातली आहे, आईने इतकी वर्षं पोथीत जपली होती, मला ठाऊकच नव्हतं.

आणि ती नाटकवाली मुलं कितीही गोड बोलली तरी निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय फाइल पाठवू नकोस.

तुझा,
बाबा