ओवीच्या यादीबद्दल

पुणे

प्रिय मेधा,

तुझ्या ओवीने वाढदिवसासाठी केलेल्या स्किनकेअरच्या यादीचा फोटो मिळाला. अक्षर सुरेख आहे आणि स्पेलिंग एकही चुकलेलं नाही. ‘नायसिनामाइड’ (ते ‘ब३’ जीवनसत्त्वाचं रूप) लिहिताना भली भली माणसं अडखळतात, ही दहा वर्षांची पोर बिनचूक लिहिते! तू विचारलंयस की यातलं काय आणू, काय नको, आणि नाही म्हणायचं तर कसं. थोडक्यात सांगायचं तर तिचा आरशासमोरचा खेळ बंद करू नकोस, यादीतली ॲसिडं आणि रेटिनॉल तेवढं काढ. आता सविस्तर लिहिते, कारण हे फोनवर सांगितलं तर निम्मं तू विसरशील.

यादीत पहिलं आहे ते लाल रंगाचं पीलिंग सोल्यूशन. रीलमध्ये चेहरा रक्तासारखा लाल दिसतो म्हणूनच मुलांना त्याची भुरळ पडते. त्यात ३० टक्के एएचए, म्हणजे ग्लायकॉलिक, लॅक्टिक वगैरे ॲसिडं, आणि २ टक्के बीएचए, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. ते मोठ्यांनीसुद्धा कोरड्या चेहऱ्यावर जास्तीत जास्त दहा मिनिटं ठेवायचं आणि आठवड्यातून दोनदाच्या वर लावायचं नाही. ही ॲसिडं त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींना धरून ठेवणारी बंधनं सैल करतात आणि तो थर सोलून निघतो. लहान मुलीच्या त्वचेवर सोलून काढण्यासारखं काही साचलेलंच नसतं, कारण तिच्या पेशी मुळातच भराभर बदलत असतात. मग ॲसिड जिवंत थरापर्यंत पोचतं. आधी चरचरतं, मग लाल चट्टा पडतो, कधी खपली धरते. अमेरिकेतल्या गोऱ्या मुलींचा तो लाल चट्टा बहुतेक वेळा मागे खूण न ठेवता जातो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याच जागी काळपट डाग उरतो आणि तो फिका पडायला कित्येक महिने लागतात. ‘ग्लो’साठी आणलेल्या बाटलीने गालावर डाग, असा हा उलटा हिशोब.

दुसरं रेटिनॉल. ते ‘अ’ जीवनसत्त्वाचं रूप. पेशी वेगाने बदलायला लावणं आणि कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, वाढवणं, ही त्याची दोन कामं. चाळिशीत ही दोन्ही कामं मंदावलेली असतात, म्हणून त्याचा उपयोग. ओवीच्या वयात दोन्ही जोरात चालू असतात. तिला त्यातून मिळणार कोरडेपणा, सोलवटणं, उन्हाची आग आणि नाकाच्या कडांना भेगा. युरोपीय संघाने तर मोठ्यांसाठीच्या चेहऱ्याच्या उत्पादनांतही रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, कारण अन्नातून आणि त्वचेवाटे मिळून एकूण ‘अ’ जीवनसत्त्व किती जातं, याची काळजी त्यांना वाटते.

व्हिटॅमिन सी सीरमबद्दल एवढंच की ‘एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड’ असलेलं सीरम त्वचेत शिरावं म्हणून साडेतीनच्या खालच्या पीएचला बनवतात (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). म्हणजे तेही आंबटच, आणि झोंबणारं. बाटली पिवळ्यावरून तपकिरी झाली की ते ऑक्सिडाइज झालेलं असतं, मग ते मोठ्यांच्याही कामाचं नाही. दहा टक्के नायसिनामाइड धोक्याचं म्हणणार नाही. पण दोन ते पाच टक्क्यांत जे साधतं त्यासाठी दहा कशाला? त्याने काहींचा चेहरा लालबुंद होतो. हायलुरॉनिक ॲसिड मात्र नावाचंच ॲसिड आहे. ते पाणी धरून ठेवतं, सोलत नाही. त्याला उगाच घाबरू नकोस.

खरा घोटाळा होतो तो एकावर एक थर चढवल्याने. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये ग्लायकॉलिक, सीरममध्ये पुन्हा दोन्ही. प्रत्येक बाटली आपापल्या मर्यादेत असते, चेहऱ्यावर मात्र सगळ्यांची बेरीज होते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते १८ वर्षांच्या मुलींचे टिकटॉकवरचे शंभर स्किनकेअर व्हिडिओ तपासले आणि २०२५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मांडले. सरासरी सहा उत्पादनं, महिन्याचा खर्च १६८ डॉलर. सर्वाधिक पाहिलेल्या व्हिडिओंत त्वचेला खाज-आग आणू शकणारे सरासरी अकरा घटक, एकात तर एकवीस. आणि दिवसाच्या रुटीनपैकी सनस्क्रीन होतं फक्त २६ टक्क्यांत. ओवीच्या यादीतही सनस्क्रीन नाही, बघितलंस?

हे वेड पसरलं ते अमेरिकेत, २०२३च्या अखेरीला. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीच्या दुकानांत नऊ-दहा वर्षांच्या मुली टेस्टरच्या बाटल्या एकमेकींत मिसळून बसायच्या, म्हणून त्यांना ‘सेफोरा किड्स’ नाव पडलं. त्यांचा आवडता ब्रँड ड्रंक एलिफंट. रंगीत झाकणं, दाबलं की टुपकन बाहेर येणारं क्रीम, सगळं खेळण्यासारखं. शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं की ॲसिड आणि रेटिनॉलवाली उत्पादनं मुलांनी वापरू नयेत. स्वीडनमधल्या अपोटेक हार्टात या औषध दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये पंधरा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशी उत्पादनं विकायची नाहीत असं ठरवलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तेरा वर्षांखालच्यांना अँटी-एजिंग उत्पादनं विकण्यावर बंदीचं विधेयक आलं आणि समितीतच अडकलं. कायद्याने हे बांधणं अवघडच आहे, कारण मुरमांवर डॉक्टर यातलीच काही द्रव्यं देतात. दुकानदारांनी मात्र स्वीडनवाल्यांसारखं वागायला कुणाची हरकत असणार आहे?

आता जरा आपल्या घरात ये. मला ओवीच्या यादीपेक्षा तुझ्या ड्रेसिंग टेबलच्या खणाची जास्त धास्ती आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘गोरं करते’ म्हणून मैत्रिणीने सुचवलेली एखादी ट्यूब तिथे आहे का? तिच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यापैकी एकही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन जोडीला असेल तर ती ‘ट्रिपल कॉम्बिनेशन’. डॉक्टर ती वांगावर ठरावीक आठवड्यांसाठी देतात, लोक वर्षानुवर्षं फासतात. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, तिथेच माणूस फसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. बंद केलं की आग-आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, पण काउंटरवर ती अजून सहज मिळतात. आई लावते ते मुलगी लावणारच.

त्याहून वाईट पारा. अकोल्यात एका घरातल्या मायलेकींना गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाला, त्या क्रीममध्ये पारा सापडला, हे तू पेपरात वाचलं असशील. आपल्याकडच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा नकळत आलाच तरी दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. ओळखायचं कसं? उत्पादकाचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, आयात माल असून नोंदणी क्रमांक नाही, की डबी सरळ बाजूला. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर पाऱ्याचाच संशय घे, कारण पारा सोन्या-चांदीला चिकटतो. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरस, मर्क्युरिओ असले शब्द आले तरी तेच. आणि हा पारा लावणाऱ्यापुरता राहत नाही. टॉवेल, उशी, गालाला गाल, यातून तो लेकराकडे जातो.

लग्नसराईतली काळी मेंदी हा तिसरा धोका. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी येतो आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. तासाभरात कुळकुळीत काळी झाली तर त्यात पीपीडी, म्हणजे केस काळे करण्याच्या डायमधलं रसायन घातलंय असं समज. त्याने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येऊ शकतात. ते बरे होतात, पण शरीर ते रसायन विसरत नाही. वीस वर्षांनी केसांना डाय लावला की चेहरा सुजतो. जेल नेलपॉलिशच्या घरगुती किटचंही तसंच. दिव्याखाली नीट न वाळलेलं जेल नखाच्या कडेच्या कातडीला लागलं की त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी जडते, आणि दातात भरायच्या सिमेंटमध्येही ॲक्रिलेटच असतात. म्हणून ओवीला साधं नेलपॉलिश दे, जेल नको.

घरचं ते सगळं चांगलं, असंही समजू नकोस. लिंबू चेहऱ्यावर कधीच नको. ते पीलिंगच्या बाटलीपेक्षाही आंबट असतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर काळे डाग उठतात. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस खुशाल लाव, फक्त खसाखसा घासू नकोस.

मग द्यायचं काय? तीनच वस्तू. एक, साबणविरहित, बिनवासाचा फेसवॉश. साबणाचा पीएच नऊ-दहा, त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणून साबणाने चेहरा ओढल्यासारखा होतो. रात्री एकदा, वाटाण्याएवढा, कोमट पाण्याने. सकाळी नुसतं पाणी पुरे. दोन, बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर. ठाण्याच्या दमट हवेत जाड क्रीम नको, लोशनच घे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पट्टी ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. ओवीचा चेहरा आणि मान मिळून अशी दोन पेरं, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवस जायला हवी. पंधरवड्यात संपली तर ती थापते आहे. तीन, सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरे, झिंक ऑक्साइडचं असेल तर उत्तम. तिच्याच दोन बोटांवर पूर्ण लांबीची पट्टी, निघायच्या वीस मिनिटं आधी, कान आणि मानेसकट. शाळेत मैदान किंवा पोहणं असेल तर दोन तासांनी पुन्हा.

नवीन काहीही चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही, म्हणून एका रात्रीची पॅच टेस्ट फसवी असते. एका वेळी एकच नवी वस्तू, नाहीतर खाज कशाने आली ते कळणार नाही. लेबल तिलाच वाचू दे. आपल्याकडे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापतात. रेटिनॉल, ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, परफ्यूम हे पाच शब्द तिला कागदावर लिहून दे आणि शोधायला लाव. जी पोर नायसिनामाइड बिनचूक लिहिते ती हे चुटकीसरशी करेल. ‘तू अजून लहान आहेस’ म्हणालीस तर ती मैत्रिणीच्या बाथरूममध्ये जाऊन लावेल, आणि मैत्रिणीची बाटली कोणती ते तुला कळणारही नाही. ‘ही बाटली सुरकुत्यांसाठी आहे, तुझी सुरकुती दाखव बघू’ हे तिला पटेल. लिपबाम, केसांच्या क्लिपा, पातळ रंगाचं लिपस्टिक घरातल्या घरात, सगळं चालू दे. फक्त काजळाची पेन्सिल आणि लिपस्टिक मैत्रिणींत फिरवायची नाही. डोळे येणं आणि रांजणवाडी त्यातून फिरते.

चेहरा आधीच बिघडला असेल तर सगळं बंद. कोमट पाणी आणि दिवसातून दोन-तीनदा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, बस्स. हळद नाही, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. त्वचा पूर्वपदावर यायला दोन ते चार आठवडे लागतात. पाणी सुटलं, फोड आले, पापण्या सुजल्या किंवा ओठांभोवती बारीक पुरळ उठली तर त्वचारोगतज्ज्ञ गाठ. ओठांभोवतीच्या पुरळीवर मेडिकलवाल्याचं स्टेरॉइड तर मुळीच लावू नकोस. दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उसळतं. नाकावर काळे ठिपके, कपाळावर बारीक फुटकुळ्या या वयात येतात, त्या नॉर्मल आहेत. सात वर्षांच्या आत मुरमं दिसली तर मात्र हार्मोन्स तपासावे लागतात. तुझ्या भाचीबद्दल विचारलं होतंस, तिच्यासाठी हे लक्षात ठेव.

वाढदिवसाला तीन ट्यूब, चांगला लिपबाम आणि छानशी जिपवाली पाऊच दे. पाऊच तिला बाटल्यांहून जास्त आवडेल, पैज लाव. आणि उद्या खणातल्या सगळ्या ट्यूबच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, सासूबाईंच्या कपाटातल्यासुद्धा. कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची ते मी खुणा करून सांगते.

तुझी,
नीलिमा