टेस्ट लॅम्प, मरे नदीच्या काठावर

एचुका, व्हिक्टोरिया (ऑस्ट्रेलिया)
७ जुलै

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही आणि इथे नदीकाठाला रेंजही निम्मीच, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलेय. दादानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि आकडे आले की गाळायचे नाहीत. अण्णांना आकडेच हवे असतात.

ओजसला हिवाळ्याची सुट्टी आहे, म्हणून कॅरॅव्हॅन गाडीमागे जोडून मरे नदीवर आलोय. जुनीच घेतली, फोटो पाठवला होता तो बघा. छपरावर १५० वॉटचे दोन सोलर पॅनल आहेत, एक पुढे, एक मागे, आणि मधे एसीचा डबा. पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची बॅटरी. उतरलोय तिथे विजेचा खांब नाही. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, सगळा संसार त्या बॅटरीवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी १२.१ व्होल्टवर. भरलेली, निवांत असलेली बॅटरी १२.७ दाखवते, म्हणजे आमची निम्म्याच्याही खाली गेलेली. आदले दोन्ही दिवस आभाळ लख्ख होतं. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा म्हणाले, बॅटरी भरली की कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधली, चार्जिंग सांभाळणारी डबी) स्वतःच करंट अडवतो, तेव्हा शून्य अँपिअर दिसले तरी घाबरू नका. खरंय ते, पण आमची बॅटरी तर उपाशी होती आणि भर दुपारी कंट्रोलर जेमतेम दीड अँपिअर दाखवत होता.

मिलिंदनं पॅनलकडून येणाऱ्या वायरी कंट्रोलरमधून सोडवल्या आणि मीटर लावला. २१.४ व्होल्ट. "पॅनल ठणठणीत आहेत. हिवाळ्याचं ऊन, एवढंच येणार," म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.

मला ते पटेना. इथे सूर्य उत्तरेच्या आभाळातून जातो, आणि जुलैत भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर येतो. आडव्या पॅनलवर तेवढ्या तिरक्या उन्हाचा निम्माच जोर पोचतो, हे कबूल. पॅनलच्या मागच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पुऱ्या उन्हात पॅनल जास्तीत जास्त देऊ शकतो तो, ८.८ अँपिअर छापलाय. त्याचे निम्मे धरले तरी एकाचे सव्वाचार-साडेचार, दोघांचे साडेआठच्या आसपास. दीड कुठे आणि साडेआठ कुठे!

आणि मग मला नानांच्या विहिरीवरची मोटर आठवली. तुम्हाला आठवतेय का? मी सातवीत होते. तिन्ही फेजला टेस्टर पेटत होता आणि मोटर नुसती गुरगुरत होती. नाना म्हणत होते मोटर जळली, वाइंडिंगला टाका. तुम्ही कारखान्यातून पाळी संपवून आलात, पिशवीतून शंभरचे दोन बल्ब सिरीजमध्ये बांधलेला टेस्ट लॅम्प काढलात आणि दोन-दोन फेजला लावत गेलात. एका जोडीवर बल्ब झगझगीत, बाकी दोन्हीकडे मलूल. फ्यूजचं किटकॅट उपसून बघितलं तर आतली पट्टी जळून काळी पडलेली. "टेस्टरला काय, चिमूटभर करंट पुरतो. काम करणाऱ्याला विचार," म्हणाला होतात.

मीटरही तसाच. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कनेक्शन केसाएवढं शिल्लक असलं तरी व्होल्टेज पुरं दाखवतो. शिवाय आमच्या दोन्ही पॅनलच्या वायरी छपरावरच एकत्र होतात आणि खाली एकच जोडी येते. एक पॅनल मेला असला तरी खाली २१ दिसणारच.

गाडीच्या सुट्या सामानात हेडलाइटचा एक बल्ब होता, १२ व्होल्ट, ५५ वॉट. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे एका पॅनलकडून आत्ता जेवढी अपेक्षा तेवढेच. (उन्हाळ्यात हे केलं असतं तर बल्ब उडाला असता, ठाऊक आहे मला.) एका वेळी एकच पॅनल तपासायचा, तर दुसरा बंद कसा करायचा? आईची गोधडी. दादा, हे वाक्य आईसमोर वाचू नकोस. मिलिंदनं शिडीवरून मागच्या पॅनलवर घडी करून पसरली, कडा नीट झाकल्या.

आता उन्हात फक्त पुढचा पॅनल. मीटरवर २१ व्होल्ट. वायरींना बल्ब टेकवला आणि काहीच नाही. तार लालसुद्धा झाली नाही. बल्ब लावलेला ठेवून मीटरकडे बघितलं तर आकडा एका व्होल्टच्याही खाली कोसळलेला. बल्ब काढला की पुन्हा २१. ओजसला इतकी गंमत वाटली की त्यानं तो आकडा सात-आठ वेळा पाडला आणि चढवला.

मग गोधडी पुढच्या पॅनलवर. बल्ब पेटला, पण पिवळट, समईसारखा. वर चढून बघितलं तर एसीच्या डब्याची सावली मागच्या पॅनलच्या तीन ओळींवर पडली होती. आम्ही गाडी उत्तरेकडे तोंड करून लावलेली, सूर्य खाली उतरलेला, त्यामुळे दीड वीत उंचीच्या डब्याची सावली हातभर लांब. सगळे सेल एका माळेत असतात, थोडे झाकले तरी अख्ख्या माळेला त्रास होतो.

पुढच्या पॅनलचा कनेक्टर उघडला तेव्हा आतली पिन हिरवीगार, मोरचूद लागल्यासारखी. टोपण कुणीतरी नीट न आवळता सोडून दिलेलं, तिथून पाणी शिरत राहिलं. आधीच्या मालकाला काय बोलणार! गावातून नवी जोडी आणली, आजोबांकडची क्रिम्पिंगची पक्कड मागून घेतली. खराब तुकडा कापला, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेले, मग पिन दाबली, ओढून बघितली. तुम्ही ओरडाल म्हणून आधीच सांगते, वर हात घातला तेव्हा खालच्या वायरी कंट्रोलरपासून सुट्या होत्या आणि टोकांना टेप होती. परत जोडताना पॅनलवर गोधडी टाकूनच जोडलं.

दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन पूर्व-पश्चिम वळवून लावली, म्हणजे डब्याची सावली पॅनलवर न पडता बाजूला जाते. झाडापासूनही लांब नेली. हे रेड गम म्हणजे आपल्या निलगिरीचे भाऊबंदच, आणि वारा नसतानाही फांदी टाकतात, खाली मुक्काम करू नये म्हणतात. साडेबाराला कंट्रोलरवर ८.६ अँपिअर. मिलिंद बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "अण्णांना कळव." म्हणून कळवते आहे.

तुमचा टेस्ट लॅम्प माळ्यावर त्या पत्र्याच्या पेटीत असेल. दादा, दिवाळीची आवराआवर करताना तो भंगारात घालू नकोस, ओजसला हवाय. माझा हेडलाइटचा बल्ब मिलिंद गाडीत परत ठेवायला मागतोय. मी त्याला वायरीचे दोन तुकडे सोल्डर केलेत, आता काही देत नाही.

आईच्या गुडघ्याचं कळवा. गोधडी धुतली आहे.

तुमची,
सुमन