जाहिरातीत डॉक्टरचे नाव कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण कॉस्मेटिक शस्त्रक्रियांची पानभर जाहिरात छापली. लग्नसराईच्या तोंडावर पोट, नाक आणि केस यांची तीन पॅकेजे, महिनाअखेरपर्यंत सवलत, सोपे हप्ते, ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’. ते पान मी नीट वाचले. फोन नंबर ठळक होता. ऑपरेशन कोण करणार, त्या डॉक्टरचे नाव मात्र कुठेही नव्हते. नोंदणी क्रमांक तर दूरच.

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका होते आणि नोकरीतला मोठा काळ प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात व ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेला. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात. पूर्वी भाजलेल्या हाताबद्दल विचारायचे, आता पोटाच्या चरबीबद्दल आणि विरळ झालेल्या केसांबद्दल विचारतात. प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती, दुखते का, व्रण दिसतो का, सुट्टी किती घ्यावी, कोणाला कळेल का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो ते प्रश्न क्वचितच कोणी विचारते, आणि अशा जाहिराती ते सुचूही देत नाहीत.

या शस्त्रक्रियांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. ‘देवाने दिले ते बरे नाही का?’ असे म्हणून लोकांना हिणवणे मला मुळीच पटत नाही. छाती वाढली म्हणून शाळेत चिडवला गेलेला, पाठीला पोक काढून चालणारा, पोहायला कधी न उतरलेला मुलगा ऑपरेशननंतर पहिल्यांदा ताठ उभा राहताना मी पाहिला आहे. आमच्या नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 साली प्लास्टिक सर्जरीचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला, याचा आम्हाला अभिमान आहे. आणि महाराष्ट्राचे या विद्येशी नाते त्याहूनही जुने आहे. टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्याकडच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ती हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये आली, आणि तीही संपादकांना लिहिलेल्या पत्रातून. त्या कारागिराचे नाव पत्रात नाही याची हळहळ वाटते, पण हे काम डोळ्यांनी पाहिलेल्या दोन डॉक्टरांची नावे त्यात दिलेली आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला साक्षीदारांची नावे द्यावीशी वाटली. आज पैसे घेणाऱ्याने स्वतःचे नाव द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा पहिला प्रश्न हाच: चाकू कोणाच्या हातात असणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये केसरोपणासह सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांबद्दल स्पष्ट केले, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण त्यासाठी पुरेसे नाही. रीतसर प्रशिक्षण लागते, म्हणजे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी, अथवा त्वचारोगशास्त्राची एमडी किंवा डीएनबी, यांपैकी एखादी एमबीबीएसनंतरची तज्ज्ञ पदवी. तरीही गल्लोगल्ली ‘हेअर क्लिनिक’ उघडली आहेत आणि अनेक ठिकाणी सगळे काम टेक्निशियनच उरकतात. कानपूरमध्ये केसरोपणानंतर दोन अभियंते दगावले. 2025 मध्ये त्याबद्दल गुन्हा दाखल झाला, तेव्हा आरोपी दंतवैद्य असल्याचे समोर आले. त्याआधी मार्च 2019 मध्ये मुंबईत एक व्यावसायिक असाच गेला. त्याच्या डोक्यावर एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त केस लावले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

‘केसच तर लावायचे आहेत, त्यात काय एवढे’ असे म्हणणाऱ्यांना मी भुलेचे औषध समजावून सांगते. डोक्याची कातडी बधिर करायला जे इंजेक्शन देतात त्याची मात्रा पेशंटच्या वजनावर ठरते आणि तिला कमाल मर्यादा असते. बैठक तासन् तास चालली की पेशंट ‘दुखतंय’ म्हणतो, पुन्हा सुई टोचली जाते, आणि एकूण किती औषध गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही तर धोका तिथे सुरू होतो. आधी ओठ आणि जीभ बधिर वाटते, कानात आवाज येतो, तोंडात धातूची चव येते, पेशंट असंबद्ध बोलू लागतो. त्यानंतर झटके, आणि वेळीच सावरले नाही तर हृदय थांबते. हे ओळखणारा माणूस शेजारी उभा हवा. हाताशी ऑक्सिजन, घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर आणि तातडीच्या औषधांची ट्रॉली हवी. ओटीत आम्ही रोज सकाळी ती ट्रॉली उघडून एकेक औषध मोजायचो आणि मुदत संपलेले बाहेर काढायचो. तुम्ही ज्या क्लिनिकमध्ये जाणार तिथे ती ट्रॉली आहे का, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असतात का, प्रकृती बिघडली तर कुठल्या आयसीयूत हलवणार, हे विचारा. उत्तर द्यायला त्यांना संकोच वाटत असेल तर उठून या.

आमच्या शेजारची सून मध्यंतरी असेच कागद घेऊन आली. दोन बाळंतपणांनंतर पोट सुटले होते आणि तिने चरबी काढण्याचे पॅकेज ठरवले होते. ‘काकू, जरा बघता का?’ म्हणाली. संमतीपत्र सगळे इंग्रजीत, बारीक अक्षरात. सर्जनच्या नावाची जागा कोरी होती. भूल कोणती, तिथे ‘गरजेनुसार’. सही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी करायची होती. तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. क्लिनिकच्या काउन्सिलर मॅडम गोड बोलत होत्या: आमची टीम एक्स्पर्ट आहे, डॉक्टर त्या दिवशी ठरतात. मी नोंदणी क्रमांक मागितला तर ‘इथे आल्यावर सांगू’. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे, की उपचार काय, धोके कोणते आणि दुसरे पर्याय कोणते, हे पुरेसे समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. कोऱ्या जागेखाली घेतलेल्या सहीला मी तरी संमती म्हणणार नाही.

पुढे ती एका रीतसर प्लास्टिक सर्जनकडे गेली. त्यांनी तिला झोपवून, मान उचलायला लावून पोट तपासले आणि सांगितले, की चरबी फारशी नाहीच. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकले आहेत आणि चरबी ओढून ते जुळणार नाहीत. त्यांनी आधी फिजिओथेरपी सुचवली. म्हणजे सवलतीतले ते पॅकेज तिच्या दुखण्यावर इलाजच नव्हते!

लायपोसक्शनने वजन उतरत नाही, हेही लोकांना कोणी सांगत नाही. व्यायाम करूनही हटत नाही अशा ठरावीक जागची चरबी काढून आकार नीट करण्याचे ते ऑपरेशन आहे. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचे असेल तर धोका वाढतो आणि पेशंटला रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागते. त्यानंतर काही आठवडे घट्ट पट्ट्याचे कपडे घालावे लागतात, उन्हाळ्यात ते फार जाचतात. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचे, कारण रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण फुप्फुसात गेलेले असू शकतात. मे 2022 मध्ये बंगळुरूत एक तरुण कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. ती आई-वडिलांना न सांगता ऑपरेशनला गेली होती, असे तेव्हा वाचले आणि फार वाईट वाटले. आपण नावे ठेवतो म्हणून मुले लपवतात. लपवून गेलेल्या पेशंटजवळ रात्री कोणी नसते आणि फाइलमध्ये खरी माहितीही नसते.

आमच्याकडे तर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाण्याची सवय लपवतात. विडी, सिगारेट, खर्रा काहीही असो, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेली कातडी काळी पडून मरते. पोटाच्या ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही चार आठवडे ते पूर्ण बंद हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, पूर्वी कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली असेल तर ती, कानाच्या पाळीवर किंवा छातीवर कधी कीलॉइड (जाड होऊन वाढत जाणारा व्रण) झाला असेल तर तोही, सगळे न लाजता सांगावे. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची शक्यता जास्त असते आणि ‘व्रण दिसतच नाही’ असे कुठलाही प्रामाणिक सर्जन म्हणणार नाही.

लग्नाच्या तारखेवर डोळा ठेवून येणाऱ्यांसाठी थोडे. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकते, त्यामुळे लग्नाच्या आदल्या महिन्यात नाक करून घेऊ नये. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून पडतात (पेशंट घाबरतो, पण ते अपेक्षितच असते), तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पुन्हा उगवतात आणि खरा निकाल दिसायला साधारण वर्ष जाते. बाविशीतल्या मुलाचे टक्कल पुढे वाढत जाणार असते. आज पुढची रेषा भरली आणि उद्या तिच्या मागचे केस गेले तर डोक्याच्या मागच्या भागात पुन्हा काढायला केस उरतातच असे नाही. स्तनात बसवलेले कृत्रिम इम्प्लांट जन्मभराचे नसतात, ते कधी ना कधी बदलावे लागतात. आणि एकाच अवयवावर तिसऱ्यांदा ऑपरेशन करून घ्यायला कोणी निघाले असेल, तर सर्जनआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे.

पैशाचा विषय जाहिरातीत फक्त हप्त्यापुरता येतो. केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच ती बसते. गुंतागुंत झाली तर त्या खर्चालाही कंपनी हरकत घेऊ शकते. इतर उपचारांना जीएसटी माफ असला तरी केसरोपण आणि कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला तो लागतो. जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर नाही. म्हणून दरपत्रक लेखी घ्यावे आणि टाके उसवले, जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्यांदा करावे लागले तर ते पैसे कोणी भरायचे हे त्यातच लिहून घ्यावे. आपल्या उपचारांचे कागद मागितल्यावर 72 तासांत मिळायला हवेत, असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. पैसे देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे तर 1995 पासूनच ठरलेले आहे. पण हातात कागदच नसेल तर तक्रार टिकत नाही.

आता आपल्या वृत्तपत्राकडे मागणी. पेशंट ओढण्यासाठी डॉक्टरांनी जाहिरात करू नये आणि पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देऊ-घेऊ नये, असे हीच आचारसंहिता सांगते. कंपनीच्या किंवा क्लिनिकच्या नावाने जाहिरात दिली की डॉक्टर अदृश्य होतो आणि नियमातून वाट निघते. ती वाट आपण बंद करू शकता. अशी जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव, त्याची पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि शुश्रूषागृहाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि हे सगळे जाहिरातीतच छापावे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी कोणालाही तपासता येते, मग आपल्या कार्यालयाला ते जड जाऊ नये. जो हे तपशील देणार नाही त्याची जाहिरात नाकारावी. याने आपले काही उत्पन्न बुडेल, याची मला कल्पना आहे. तरीही मागते आहे, कारण आमच्याकडे आजही लोक ‘पेपरात आलंय’ म्हणून विश्वास ठेवतात. लग्नाच्या तिथी सुरू होण्याआधी आपण याबाबत काय ठरवले, ते याच पानावर वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर